आयर्लंडहून आलेलं पाकीट

लग्न होऊन मी बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका लहान गावात आले, तेव्हा बरोबर एक पत्र्याची ट्रंक होती आणि अंगात वारं. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. आमचे हे पोस्टात होते. पुढच्या खोलीत पोस्ट, मागच्या दोन खोल्यांत संसार. दुपारी जेवणं उरकली की हे खुर्चीतच डुलकी काढायचे आणि मी ट्रंक उघडून बसायची. झाकणाला आतून मी परदेशची तिकिटं डकवली होती. कुणाचा मुलगा पलटणीत, कुणाचा बोटीवर. त्यांची पत्रं यायची, लोक पत्र ठेवून पाकीट टाकून द्यायचे आणि मी ते मागून घ्यायची. हत्ती, जिराफ, राजाचं डोकं, नारळाची झाडं. बघता बघता डोळे जड व्हायचे आणि मी कुठल्या कुठं जाऊन यायची. माहेरच्या वडगाव निंबाळकरच्या पलीकडं फारसं जग न पाहिलेल्या मुलीला तेवढं पुष्कळ होतं. मी हावरी आहे हे आधीच सांगून टाकते. खाण्याची नाही, बघण्याची.

गावाबाहेरून निरेचा कालवा जायचा. आम्ही त्याला पाट म्हणायचो. काठाला बाभळी, त्यांच्या पिवळ्या फुलांचा सडा पाण्यावर, आणि भर दुपारी ते पाणी वाहतंय की थांबलंय हे कळायचं नाही. एकटक पाहिलं तर पाणी जागच्या जागी राहायचं आणि आपणच हळूहळू वरच्या अंगाला सरकतोय असं वाटायचं. तिथंच लिंबाच्या आणि वांग्यांच्या दीड एकरात सगळ्या गावाची गोरी आत्या एकटी राहायची.

आत्या गोरी म्हणजे गोरीच. डोळे हिरवट, गालांवर तांबूस ठिपके, केस पिकलेले तरी उन्हात तांबडे दिसायचे. अंगावर मात्र नऊवारी आणि कपाळावर गोंदण. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती शेळीला शिव्या देत होती. मी आ वासून उभी राहिले.

"काय बघतीस गं? मडम शिव्या देतीया म्हून?"

"तुमी इंग्रज हाय का?" मी विचारलं.

"इंग्रज आसंल तुझा सासरा! माझा बाप आयरिश. त्यांच्याबी उरावर इंग्रज बसला व्हता, आपल्यावानी. कळलं का, पोष्टीणबाई?"

तेव्हापासून मी तिची पोष्टीणबाई झाले आणि माझ्या दुपारी तिच्या लिंबाखाली जायला लागल्या. सासू नव्हती, यांना डुलकी प्रिय. विचारणारं कोण होतं?

तिची गोष्ट तिनं मला एका बैठकीत कधीच सांगितली नाही. वांगी खुडताना थोडी, शेळीची धार काढताना थोडी. तिचा बाप या कालव्यावर ओव्हरसियर होता. आई कालव्याच्या बंगल्यावर बागेला पाणी घालायला जायची. त्या दोघांचं लग्न लागलं का, कुणी लावलं, हे आत्या बोलली नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. बाप घोड्यावरून पाटाच्या कडेनं हिंडायचा, शेतकऱ्यांशी पाण्याच्या पाळीवरून मराठीतच भांडायचा, वांग्याचं भरीत भाकरीवर घेऊन हातानं खायचा. आत्या सात वर्षांची असताना तो रजेवर आपल्या गावी, आयर्लंडला गेला. पोरीला म्हणाला, पुढच्या पाळीला येतो. पाळी म्हणजे पाटाला पाणी सुटायची वेळ. पाणी सुटलं तेव्हा आत्या दिवसभर काठाला बसून राहिली. बाप आला नाही. पुढं कितीतरी पाळ्या आल्या आणि गेल्या.

ती विशीत असताना एक सिनेमा कंपनी पळसदेवला, भीमेकाठच्या जुन्या देवळापाशी चित्रं घ्यायला आली. ते देऊळ आता धरणाच्या पाण्यात असतं, पाणी उतरलं की दिसतं. त्या काळी घरंदाज बायका सिनेमात जात नसत आणि कंपनीला गोऱ्या रंगाची नायिका हवी होती. आत्या गेली. सात मूकपटांत तिनं काम केलं. चार वेळा राणी, दोनदा अप्सरा आणि एकदा नागकन्या.

"लोकं काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणायला काय ठिवलं व्हतं त्यांनी? आदीच समदं म्हणून झालं व्हतं."

मग ती वांग्याचे काटे नखानं काढत बसली आणि म्हणाली, "मी नाव कमवाया न्हाय गेले पोरी. मुक्या चित्राला भाषा लागत न्हाय. ते कुठंबी चालतं. कंपनीचा मालक म्हणला, आपली चित्रं साता समुद्रापार जात्यात. म्या म्हटलं, मंग आयर्लंडातबी जात्याल. म्हातारा कुठंतरी तंबूत बसून बघंल."

एका चित्रात ती घागर घेऊन नदीतून वर येते. इकडं तिकडं बघायचं, यंत्राकडं नाही, असं मालकानं दहादा बजावलेलं. आत्या वर आली, थांबली आणि थेट यंत्राच्या डोळ्यात बघत राहिली. मालक ओरडतोय, हिची नजर हलेना. कंपनीकडं वाया घालवायला फिल्म नव्हती म्हणून ते तसंच राहिलं. लोकांना फार आवडलं म्हणे. बाई आपल्याकडंच बघते असं प्रत्येकाला वाटायचं.

पुढं बोलपट आले आणि आत्याचं राज्य खालसा झालं. दरबारात, अंगभर दागिने घालून, तिनं पहिल्याच वाक्याला "मला न्हाय जमायचं, म्हाराज" असं म्हटलं आणि मृदंगवाल्यापासून महाराजांपर्यंत सगळे पोट धरून हसले. हे ती मला सांगायची तेव्हा स्वतःच इतकी हसायची की डोळ्यांतून पाणी यायचं. मलाही हसू यायचं, पण घरी जाताना पाटाच्या कडेनं ते ओसरून जायचं. सात चित्रांतलं एकही आता कुठं असेल असं वाटत नाही. एकदा इंदापूरच्या बाजारात तंबूतला सिनेमा आला तेव्हा मी तिला घेऊन गेले. अर्धा तास बघून ती उठली. म्हणाली, "लई बोलत्यात गं."

पहिलं पत्र कालव्याच्या कचेरीत आलं आणि तिथून पाटकऱ्याच्या हातून आत्याकडं पोचलं. तिला इंग्रजी अक्षरं येत नव्हती. मला इंग्रजी तिसरीपर्यंतचं येत होतं आणि यांची डिक्शनरी होती. लिंबाखाली बसून मी एक ओळ वाचायची, मनाशी जुळवायची आणि आत्याला सांगायची. पत्र तिच्या सावत्र बहिणीचं होतं. बहीण समुद्राकाठच्या एका गावात शाळेत शिकवत होती. बाप ऐंशीच्या घरात, अंथरुणाला खिळलेला. त्याची बायको वारल्यावर एक दिवस तो पहिल्यांदाच बोलला, की हिंदुस्थानात एका कालव्याच्या काठी त्याची एक मुलगी आहे. ही मुलगी जिवंत असली तर तिनं दोन ओळी पाठवाव्यात.

आत्यानं ऐकून घेतलं, उठली, शेळीला सोडलं, पुन्हा बांधलं. चार वेळा असं केलं असेल. मग म्हणाली, "लिव्ह. पोरगी जित्ती हाय. आन् एवढंच इच्यार, त्यानं माझं चित्र कवा बघितलं का."

"आन् का आला न्हाय, ते?"

"त्ये नगं. चित्र बघितलं का, एवढंच."

ते एवढंसं लिहायला मला दोन दिवस लागले. पुढं रोज टपालाची पिशवी सुटताना मीच आधी पुढं जाऊन उभी राहायची. आत्या विचारायची नाही. नुसती पोस्टासमोरून डोक्यावर पाटी घेऊन जायची आणि माझ्या तोंडाकडं बघायची. मी मान हलवली की पुढं जायची.

तीन आठवड्यांनी ते पाकीट आलं. निळसर, पातळ. आणि त्यावर असं तिकीट, की मी तसं आजवर पाहिलं नव्हतं. पंख असलेला एक माणूस डोंगरावरून उडत चाललाय, कपडे मागं फडफडताहेत, खाली सगळं शांत. हे पुढच्या खोलीत शिक्के मारत होते. मी पाकीट घेऊन मागं आले. आत्याकडं मागितलं असतं तर तिनं दहा तिकिटं दिली असती. पण मला ते आत्ता, या क्षणी हवं होतं. ओलं करून काढावं तर पातळ कागद विरघळेल आणि आतलं पत्र भिजेल. म्हणून मी पाकिटाचा तो कोपराच तिकिटासकट नीट फाडून घेतला. आतल्या पत्राला नखही लागू दिलं नाही, याचं मला कौतुकसुद्धा वाटलं.

आता वाचणाऱ्यांनी कपाळाला हात लावला असेल. आमच्याकडं मरणाची बातमी कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडतात. उघडायच्या आधीच घेणाऱ्याला कळावं म्हणून. असलं पत्र घरात ठेवत नाहीत. वाचायचं, फाडायचं, टाकायचं आणि डोक्यावरून आंघोळ करायची. पोस्टमास्तराच्या बायकोला हे माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण मी पाहिलेली ती सगळी कार्डं होती. पाच पैशाचं नाही तर तीन पैशाचं, घाईघाईनं खरडलेलं कार्ड. परदेशचं निळं पाकीट आणि मरण यांची गाठ माझ्या डोक्यात पडलीच नाही. माझ्या डोक्यात तो उडणारा माणूस होता.

आत्या लिंबं घेऊन इंदापूरच्या बाजाराला गेली होती. तिच्याकडं वांगी खुडायला येणाऱ्या म्हातारीच्या हातात मी पाकीट दिलं आणि सांगितलं, "आत्या आल्या की मला हाक मारा, मी वाचून दावते." म्हातारी काही बोलली नाही. मला ते तेव्हा खटकायला हवं होतं.

हाक आली नाही. दिवस कलायला लागला तशी मीच गेले. आत्या दारात बसली होती. केसांतून पाणी गळत होतं, लुगडं ओलंच अंगावर. म्हातारीनं चूल विझवली होती.

"पत्र?" मी विचारलं.

"सोडलं पाटाला," म्हातारी म्हणाली. "वाचायचं काय त्यात? कोपराच बोलत व्हता."

आत्यानं माझा हात धरून मला खाली बसवलं. "तुला हाक न्हाय मारली बघ," ती म्हणाली. "नवी सवाशीण तू. तुझ्या तोंडानं आसलं कशाला वाचून घ्यायचं?"

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण टपालाला हात लावला हे बाहेर पडलं तर यांची नोकरी जाईल, हे डोक्यात आलं आणि मी ते निमित्त घट्ट धरून बसले. खरं कारण तेही नव्हतं. तिनं माझा हात धरला होता, तो तिनं सोडून दिला असता, याची मला भीती वाटत होती. शिवाय मन म्हणत होतं, कोण सांगावं, पत्रात खरंच तीच बातमी असेल. म्हातारा ऐंशीचा होता. हा विचार मी रोज सकाळी नव्यानं करायची आणि रोज दुपारपर्यंत तो विटायचा.

ट्रंक मी उघडली नाही. पाटाकडंही बघवत नव्हतं. त्या पाण्याबरोबर कागद कुठवर गेला असेल, कुठल्या शेतात पाण्याची दारं धरणाऱ्या कुणाच्या पायाला लागला असेल, असलं काहीबाही दिसायचं.

दहाव्या दिवशी आत्यानं घास ठेवायचं ठरवलं. भटजी येणार नव्हता, त्याला बोलावलंही नव्हतं. पाटाच्या पायऱ्यांवर केळीच्या पानात तिनं भाकरी ठेवली, वर वांग्याचं भरीत, बाजूला चहाची कपबशी. आम्ही पाच-सहा बायका मागं सरून उभ्या राहिलो. बाभळीवर कावळे होते. ओळीनं बसलेले. एकही खाली उतरेना.

"विच्छा ऱ्हायली आसंल," कुणीतरी म्हणालं. "बोल काहीतरी, बाय."

आत्या पाण्याकडं तोंड करून बोलायला लागली. "आबा, म्या तुमच्यावर रागावले न्हाय." कावळे बसलेले. "तुमी आला न्हाय, तर न्हाय. आईबी रागावली नव्हती." कावळे बसलेले. "पोरीला काय नगं हाय, आबा. घर हाय, लिंबं हायती. जावा सुखानं." तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. सात वर्षांच्या मुलीचा होता तो. भरताला मुंग्या लागल्या, चहावर साय धरली, आणि वर एक कावळा नुसता मान वाकडी करून बघत होता, थेट माझ्याकडं.

"न्हाय शिवायचा त्यो!" मी ओरडले. "त्ये गेलं नसत्याल, आत्या. कोपरा म्या फाडला. तिकिटासाठी."

सगळं बोलून टाकलं. बायकांनी पदर तोंडाला लावले. म्हातारीनं मला दिलेल्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत आणि त्यांतली एकही जास्त नव्हती. आत्या माझ्याकडं बघत राहिली. तिचे ते हिरवट डोळे हलले नाहीत. मग ती पायऱ्यांवर खाली बसली, पान पुढ्यात ओढलं, मुंग्या फुंकरीनं उडवल्या आणि मेलेल्यासाठी ठेवलेली ती भाकरी खायला लागली. बायका किंचाळल्याच.

"जित्त्या माणसाचं हाय," ती घास चावत म्हणाली. "त्याला काय व्हतंय?" अर्धी भाकरी मोडून तिनं माझ्याकडं धरली. "खा. आन् खाऊन लिव्ह. म्हणावं पत्र पाण्यात गेलं. पुन्ना धाड."

मी त्याच दिवशी लिहिलं. यांनाही सांगितलं. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, मात्र पत्रावरचा पत्ता त्यांनीच घोटीव अक्षरात लिहून दिला. मधले दिवस विचित्र सुखाचे गेले. आत्या लिंबांना पाणी घालताना गुणगुणायची. तिचा बाप मरून पुन्हा जिवंत झाला होता आणि अशी खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती. मला ते खरं वाटायला लागलं. दुपारी डोळा लागला की एक म्हातारा पाटाच्या कडेनं घोड्यावरून येताना दिसायचा.

महिन्यानं उत्तर आलं. मी पाकीट दोन्ही हातांत धरून नेलं आणि आत्याच्या हातात दिलं. तिनं चारी कोपरे बोटांनी चाचपले. मग माझ्याकडं दिलं. मी वाचायला लागले.

बाप गेला होता. आमचं दुसरं पत्र पोचायच्या चार दिवस आधी.

मी थांबले. आत्या म्हणाली, "वाच." मी वाचत गेले. तुमचा तो प्रश्न मी बाबांना वाचून दाखवला, असं बहिणीनं लिहिलं होतं, तेव्हा ते आधी हसले, मग रडले आणि मग एकदम तुमच्या भाषेत बोलायला लागले. आमच्या घरात ती भाषा कुणी कधी ऐकली नव्हती. त्यांनी मला कागद घ्यायला लावला. मला एक शब्द कळत नव्हता, कानावर आलं तसं मी आमच्या अक्षरांत उतरवलं. पानभर झालं. तेच पान मी तुम्हाला पाठवलं होतं. त्यावर तुमचं काय उत्तर येतंय, म्हणून ते शेवटपर्यंत रोज टपालवाल्याची वाट बघत होते. तुम्ही म्हणता ते पान पाण्यात गेलं. माझ्याकडं त्याची नक्कल नाही, आणि त्यातलं काहीच माझ्या ध्यानात नाही. मी नक्कल करून ठेवायला हवी होती. मला क्षमा करा.

ही शेवटची ओळ मराठीत सांगताना माझी जीभ वळेना. क्षमा ती मागत होती. दहा दिवस मी गप्प बसले नसते तर आमचं पत्र तो जायच्या सहा दिवस आधी पोचलं असतं, हा हिशेब करायला मला डिक्शनरी लागली नाही. मी आत्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडले. तिनं मला उठवलं नाही, ढकललंही नाही. पाटाचं पाणी बघवत नव्हतं आणि ऐकू तर येतच होतं.

"मराठीत बोलला," शेवटी ती म्हणाली.

"व्हय."

"पानभर?"

"व्हय, आत्या."

ती लिंबाच्या खोडाला टेकून बसली आणि तिनं डोळे मिटले. "वाच," ती म्हणाली.

"संपलं पत्र."

"तिचं संपलं. त्याचं वाच."

मला आधी कळेना. मग कळलं. "आत्या, त्ये पान कुठं हाय? म्या काय वाचू?"

"हातात कागद हाय न्हवं? वाच."

मी पत्र उलटं केलं. मागची बाजू कोरी होती, निळसर, नुसत्या घड्या. मी ती डोळ्यांसमोर धरली. "पोरी," मी म्हटलं, "पोरी, जेवलीस का?" आणि पुढं कसं कोण जाणे, शब्द यायला लागले. "तुझं चित्र आलं व्हतं हितं. म्या बघितलं. दोनदा बघितलं. शेजारच्या माणसाला म्हटलं, ही माझी हाय..."

"न्हाय," आत्या म्हणाली. "आसा न्हाय बोलायचा त्यो."

मी कागद खाली घेतला. तिचे डोळे मिटलेलेच होते. गालांवरून पाणी उतरून हनुवटीला आलं होतं आणि ते तिनं पुसलं नव्हतं.

"थांबू नगंस," ती म्हणाली. "वाच पुढं."